अडतिसावा शब्द

शाळेच्या टोकाला, मोडके बाक ठेवतात त्या खोलीत मी जादा तास घेते. वाचनात मागे पडलेल्या गरिबाघरच्या मुलांसाठी वरून आलेली योजना आहे. मिनिटाला चाळीस शब्द वाचले की नाव यादीतून कमी, मूल परत वर्गात. नियम चांगला आहे हो, मी कुठे नाही म्हणते?

या वर्षी आठ मुलं होती. सात गेली, उरली मुंगी. भिंतीच्या कडेकडेने चालायची म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. चार महिने तिचं गाडं अडतिसावरच अडलेलं. मी ओरडले, समजावलं, कपाळाला हात लावून बसले. ही ढिम्म. तास संपला की मात्र घरच्या गोष्टी सांगत बसायची, आणि मीही ऐकत बसायचे. मला तरी घरी बोलायला कोण आहे?

परवा शिपाईमावशींचा चष्मा फुटला होता. त्यांना ही बया फळ्यावरची नोटीस घडाघडा वाचून दाखवत होती, 'अनुपस्थिती' आणि 'कार्यवाही'सकट. मी दाराआड उभी. असा पारा चढला माझा! चार महिने ही माझ्या डोक्यावर मिरे वाटत होती.

आणि खरं सांगते, पुढच्याच क्षणाला वाटलं, बोलूच नये, राहू दे तिला माझ्यापाशीच. वर्षाअखेरच्या चाचणीत ती मागे राहिली तर तिला 'कच्च्या' तुकडीत टाकणार होते. तिथून कुणी वर आलेलं मी पाहिलेलं नाही. हे माहीत असूनही मी दोन दिवस तोंड उघडलं नाही. सांगायला लाज वाटते.

आज ती चाचणी होती. मी घड्याळ लावलं. अडतिसाव्या शब्दाला नेहमीसारखी अडखळून तिने मान खाली घातली.

"पहिल्यापासून वाच," मी म्हटलं. "मावशींना वाचून दाखवलंस ना, तसं."

तिचा चेहराच उतरला.

"बाई, वर्गात माझ्याशी कुणी बोलत नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "वाच."

तिने वाचलं. एकदाही न अडखळता, एकदाही माझ्याकडे न बघता. ब्याण्णव शब्द. मी आकडा लिहिला, सही केली, यादीतलं शेवटचं नाव खोडलं. तिने दप्तर उचललं आणि गेली. 'येते' म्हणाली नाही.

तास संपायला अजून अर्धा तास होता. वेळेआधी खोली सोडायची नाही असा नियम आहे, म्हणून मी बसून राहिले.