न केलेल्या कामाचा मान

मित्रांनो, मी लष्करी शिक्का असलेला एक जुना पाना आहे. शिक्का म्हटले की तुम्ही सरसावून बसाल, म्हणून आधीच सांगून टाकतो, लढाई मी कधी पाहिलेली नाही.

जन्म मात्र माझा लढाईसाठीच झाला. लालबुंद पोलादावर घण पडले, तेलात बुडवून मला कडक केले आणि दांड्यावर त्या सालाचा आकडा ठोकला. माझा एक जबडा पक्का, दुसरा सरकता. मधली फिरकी अंगठ्याने फिरवली की लहानमोठा कोणताही नट मी धरतो. माझ्याबरोबरचे भाऊ पेट्या भरभरून आघाडीवर गेले. माझी पेटी कोठारात मागच्या फळीवर राहिली. लढाई संपली तरी तिचे झाकण कुणी उघडले नाही.

पुढे कोठार रिकामे केले तेव्हा एका प्लंबरने मला घेतले. माझी खरी उमेदीची वर्षे त्याच्या हातात गेली. गळके नळ, गंजलेल्या टाक्या, भिंतीत चिणलेले पाइप, कशालाच आम्ही हार गेलो नाही. काम संपले की जुन्या बनियनच्या तुकड्याने तो मला पुसायचा आणि फिरकीवर तेलाचा थेंब सोडायचा. घरात कुणी माझ्याने खिळा ठोकला तर घर डोक्यावर घ्यायचा.

"पाना आहे तो, हातोडा नाही! हाताला लागलं म्हणून काहीही उचलायचं?"

तो गेला आणि माझे दिवस फिरले. त्याच्या बायकोला मला टाकून देववेना, आणि माझे करायचे काय तेही कळेना. तिने मला स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फटीत अडकवले, खिडकी आपटू नये म्हणून. वाफ, पाऊस, धूळ खात मी तिथे पडून राहिलो. फिरकी जाम झाली, सालाच्या आकड्यावर गंज चढला.

एके दिवशी त्या घरी एक बाई आली. बसच्या डेपोत ती सारा जन्म फिटर होती, आता निवृत्त झाली होती. भंगारात निघालेली, लढाईत जखमींना नेणारी एक गाडी तिने घरी आणली होती आणि शेवटच्या बोल्टापर्यंत खोलून पुन्हा उभी केली होती. राहिली होती ती गाडीतली दुरुस्तीची हत्यारे. तिचा धाकटा भाऊ शिंपी. जुन्या फोटोवरून माप काढून त्याने जाड कापडाची गुंडाळायची पिशवी शिवली होती, प्रत्येक हत्याराला वेगळा कप्पा. हातोडी मिळाली, पक्कड मिळाली, टायर काढायची पहारही मिळाली. पान्याचा कप्पा तेवढा रिकामा होता.

"ताई, बाजारातून नवा आण. हिरवा रंग फासू, कोण बघतंय?" भाऊ म्हणाला होता.

"मी बघतेय ना," असे म्हणून ताई जुन्या कारागिरांची घरे पालथी घालायला निघाली होती.

प्लंबरच्या बायकोने हात झटकले. "ताई, पाना होता खरा. कुठं गेला कुणास ठाऊक." पण ताईची नजर खिडकीवर खिळली होती.

"हा काय!"

"अगंबाई, तो होय? तो काढला तर खिडकी आपटेल हो!"

ताई घरी गेली, लाकडाची पाचर तासून घेऊन आली, फटीत बसवली आणि मगच मला काढले. प्लंबरच्या बायकोने मला क्षणभर दोन्ही हातांत धरले. "ह्यांचा फार जीव होता याच्यावर," एवढेच ती म्हणाली.

ताईने मला रॉकेलमध्ये भिजत ठेवले, तारेच्या ब्रशने घासले, हळूहळू फिरकी सोडवली. आकडा उघडा पडला तेव्हा ती लहान मुलीसारखी ओरडली. गाडीचे आणि माझे साल जुळले होते!

मग जुन्या गाड्यांचे प्रदर्शन आले. पिशवी उलगडून मला गाडीच्या पायरीवर मांडले आणि भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, "हा या गाडीचा मूळ पाना. हिच्याबरोबर आघाडीवर जाऊन आलाय."

"असं काय सांगतोस?" ताईने त्याला बाजूला घेतले. "त्या सालचा आहे, या गाडीचा नाही."

"अगं, लोकांना बरं वाटतं. आपलं काय जातंय?"

ताई रेडिएटरमध्ये पाणी घालायला वळली की याचे पुन्हा सुरू. लोक मला भीत भीत हात लावायचे. एका माणसाने तर टोपी काढली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुपारी एक म्हातारे गृहस्थ सुनेला धरून आले. गाडीच्या दारावरचा नंबर पाहून ते थबकले.

"आमची गाडी," ते म्हणाले.

भावाला कोण आनंद झाला! त्याने मला त्यांच्या हातात ठेवले. "आजोबा, हा घ्या तुमचाच पाना!"

त्यांच्या उजव्या तळव्याची कातडी चकचकीत, ताणलेली होती आणि दोन बोटे सरळ होत नव्हती. त्यांनी माझ्या जबड्यावरून अंगठा फिरवला.

"हा तो नव्हे."

भावाचा चेहरा उतरला. आजोबा रागावले नव्हते. गाडीकडे पाहतच ते बोलू लागले.

"घाट उतरत होतो. मागे चार जखमी. तेलाच्या नळीचा नट ढिला पडायला लागला. आटे गेलेले, आवळला की पुन्हा सैल. तेल गेलं असतं तर इंजिन जाम, आणि ते चौघं तिथंच. ड्रायव्हर गाडी सोडू शकत नव्हता. मग मी बॉनेटची एक बाजू उघडून मडगार्डवर पालथा पडलो आणि पान्यानं नट धरून ठेवला. दवाखाना येईपर्यंत."

"आणि हात?" सुनेने विचारले.

"पाना तापत गेला."

"मग सोडायचा ना, बाबा!"

"कसा सोडणार? मागून कण्हणं ऐकू येत होतं. येतंय तोवर बरं वाटत होतं. डॉक्टरांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. पाना तिथंच कुठं पडला. सरकारी पाना हरवला म्हणून साहेबांची बोलणीही खाल्ली, पट्ट्या बांधलेल्या हातानं सलाम ठोकून." ते स्वतःच हसले. बाकी कुणाला हसू आले नाही.

"आणि ते चौघं?" ताईने हळूच विचारले.

"तिघं वाचले. चौथ्याचा आवाज कधी थांबला, मला कळलंच नाही."

सून त्यांच्या हाताकडे बघत राहिली. "आम्हाला तर स्टोव्ह भडकला म्हणून सांगितलं होतं तुम्ही."

भावाने मान खाली घातली. "चुकलं माझं, आजोबा. उगाच बढाई मारली."

"पाना चांगला आहे. त्याच्याच जातीचा," आजोबा म्हणाले. "पण त्या पान्याचं काम त्यालाच राहू द्या." मग ताईला म्हणाले, "तो नट आता कसा आहे?"

"नवे आटे पाडलेत."

"बघू?"

तिने बॉनेट उघडले. आजोबांनी मला डाव्या हातात घेऊन नटावर बसवले. दांड्याचे टोक ताईने धरले. दोघांनी जोर लावला. नट केसभरही हलला नाही.

"पक्का आहे," ते म्हणाले. तरी बराच वेळ त्यांनी मला सोडले नाही.

आता भाऊ लोकांना सांगतो, "हा एका प्लंबरच्या घरचा पाना. याच्यासारख्याच एका पान्यानं काय केलं ते ऐका." आणि आजोबांची गोष्ट सांगतो. मला आता लाज वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी हत्यारे पुसून ठेवा, त्यांना तेलाचा थेंब द्या, ज्याचे काम त्याला करू द्या. आणि घरातल्या कुणाच्या हातावर जुना व्रण दिसला, तर नजर दुसरीकडे वळवू नका. शेजारी बसा, तो हात हातात घ्या आणि विचारा. आम्हा हत्यारांना बोलता येत नाही. माणसांना येते, पण कुणीतरी विचारायला हवे.