मंडळाच्या डोक्यावरची पाल

मी पाल बोलतेय. दचकू नका, अंगावर पडणार नाही. पडायचंच असतं तर इतकी मोठमोठी डोकी सोडून तुमच्यावर कशाला पडले असते?

माझं मूळ घराणं लोणारचं. लोणारला आभाळातून धोंडा पडून सरोवर झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या वेळी माझी खापरपणजी तिथंच ऊन खात पडली होती, हे कोणी तुम्हाला सांगितलं नसेल. धोंडा आला तो नेमका तिच्या शेपटीवर. पणजीनं शेपटी तिथंच सोडली आणि मागं वळून न बघता निघून गेली. शेपटी टाकून जीव वाचवायची विद्या आमच्या कुळात आली ती तेव्हापासून. शास्त्रज्ञ येतात, दगडाचे तुकडे पिशवीत भरतात, शेपटीची चौकशी कोणी करत नाही. असो.

माझा जन्म मात्र मलकापूरचा. एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात, ट्यूबलाइटच्या पट्टीमागं. खाली धूळ, सरकीचा जुना वास आणि शांतता. सुखाचे दिवस होते ते. मग एकदा रंगारी आले, भिंतींना चुना लागला आणि दारावर पाटी चढली: 'जनाधार मोफत कायदा सल्ला केंद्र'. केंद्राचं नाव वीतभर आणि त्याखाली मंडळाच्या सभासदांची नावं हातभर.

मंडळात अकरा माणसं, सगळी बिनपगारी. आपण बिनपगारी आहोत हे त्यांनी एकमेकांना इतक्यांदा सांगितलंय की छताच्या पंख्यालाही ते पाठ झालंय. बिनपगारी माणसाची एक गंमत असते बघा. पगारी माणसाला 'काम काय केलंस?' म्हणून विचारता येतं. बिनपगारी माणसाचे नुसते आभार मानता येतात.

मी त्यांना नेहमी वरून पाहिलं. वरून माणूस फार स्वस्त दिसतो. तोंड खोटं बोलतं, टाळूला ते जमत नाही. अध्यक्ष उत्तमराव, निवृत्त मुख्याध्यापक. एका कानाजवळचे केस लांब वाढवून दुसऱ्या कानापर्यंत नेऊन चिकटवलेले. काही टाळायचं असलं की त्यांचं तोंड हसायचं आणि ते केस हळूच उठून उभे राहायचे. गोकुळ डॉक्टर दातांचे. दुसऱ्यांची तोंडं उघडून उघडून इतके दमलेले की स्वतःचं फक्त जांभईला उघडायचे. पुष्पांजलीताई महिला मंडळाच्या, सभेला येताना दोन साड्या आणायच्या. एक बसायला आणि एक फोटोला. आणि उपाध्यक्ष राजकुमारशेठ, कापसाचे व्यापारी. त्यांच्या डोक्यावर मेंदी आणि मेंदीच्या आत हिशोब.

सभा कशा चालायच्या म्हणता? एक ऐका.

"बॅनरवर माहा फोटो कोपऱ्यात काऊन?" पुष्पांजलीताई विचारायच्या.

"ताई, बॅनर आडवं हाय. कोनी ना कोनी कोपऱ्यात जाईनच ना," अध्यक्ष म्हणायचे.

"मंग तुमी जा नं."

"मी अध्यक्ष हाओ ताई, मी कोपऱ्यात गेलो तर बॅनरच वाकडं दिसीन."

तेवढ्यात डॉक्टर जागे होऊन 'अनुमोदन' म्हणायचे आणि परत झोपायचे.

या वेळी बाहेर बाकावर माणसं बसलेली असायची. कोणाला नवऱ्यानं टाकलेलं, कोणाच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भावानं काटे लावलेले. त्यांचं ऐकायला एकच माणूस होतं, ॲडव्होकेट सुचिता. मंडळाच्या भाषेत 'आपली मुलगी', म्हणजे जिला खुर्ची सगळ्यात मोडकी. नियम असा की सल्ला तिनं द्यावा, पण केंद्रातर्फे कोर्टात उभं राहायचं तर आधी मंडळाचा ठराव हवा. नियम मंडळानंच केलेला. तिच्या आधीचा वकील एकदा ठरावाची वाट न बघता उभा राहिला होता. खटला जिंकला आणि नोकरीवरून गेला. मंडळाला न विचारता जिंकणं हा आमच्याकडे फार मोठा गुन्हा.

आता या शहाण्यांची एक सवय सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कोणी काही बोललं आणि त्याच क्षणी पाल चुकचुकली, की ते बोलणं खरं, असं तुम्ही माणसं मानता. घरोघरी म्हाताऱ्या मानतात ते ठीक. पण इथं मुख्याध्यापक, डॉक्टर, व्यापारी, सगळे मानायचे. मी चुकचुकले की अकराच्या अकरा जणांची बोटं टेबलावर टकटक वाजायची आणि सगळे एका सुरात म्हणायचे, "सत्य हाय, सत्य हाय." कायद्याच्या पुस्तकांचं कपाट तिथंच होतं. त्याला कुलूप होतं आणि किल्ली कोणाकडे आहे हा प्रश्न तीन अध्यक्षांपासून प्रलंबित होता.

बरं, मी चुकचुकते ते सत्यासाठी नव्हे हो! समोरच्या भिंतीवरचा एक आगाऊ नर, पालट्या म्हणते मी त्याला, माझ्या ट्यूबलाइटखाली शिरायला बघतो, त्याला मी शिव्या घालते. माझ्या शिव्यांवर हे टकटक करायचे.

मग सिंधूताई आल्या.

नळगंगा नदीच्या काठच्या एका खेड्यातल्या. तिथून हायवे गेला आणि त्यांचं दोन खोल्यांचं घर एकाएकी हमरस्त्याला लागलं, जागेला सोन्याचा भाव आला. घर नवरा-बायकोनं मिळून बांधलेलं, विटा सिंधूताईंनी स्वतः डोक्यावरून वाहिलेल्या. नवरा गेला आणि दीर भाऊराव म्हणायला लागला, जागा माझी आहे, चालती हो. मागच्या खोलीच्या छपराची टिनं त्यानं उतरवून नेली होती. लेक महामाया बारावीला. दोघी मायलेकी आता पुढच्या एका खोलीत. कोर्टाचा मनाईहुकूम मिळाला नाही तर उरलेलंही जाणार.

सुचितानं हा विषय दोन सभांमध्ये मांडला. दोन्ही वेळा राजकुमारशेठनी हात वर केला. "घरगुती भांडन हाय. दीर-भावजयीत आपन काऊन पडावं? उद्या ते एक होतीन, आन् आपन वाईट ठरू."

अध्यक्षांचे केस उठले. "मुद्दा विचार करन्यासारखा हाय. विचार करू."

विचार करायला चहा मागवला. चहा संपला, विचारही संपला.

तिसऱ्या सभेच्या दिवशी सुचिता सिंधूताईंना सरळ आतच घेऊन आली. आजवर बाकावरचं माणूस त्या खोलीत आलं नव्हतं. अकरा चेहरे असे झाले जणू कोणी पंगतीत बकरी सोडली.

"हे नियमात बसत नाई, सुचिता," अध्यक्ष म्हणाले.

"बसत नाही सर, म्हणून उभ्या आहेत त्या," सुचिता म्हणाली. मला ती पोरगी तेव्हापासून आवडते.

सिंधूताईंनी पदर खोचला. "जय भीम साहेब. लंबं बोलत नाई. मंगळवारी जेसीबी येनार हाय माह्या घरावर. दिरानं सांगून ठेवलं. आज बिस्तरवार, उद्या शुक्रवार. तुमी आज हो म्हटलं तर ह्या बाई कोर्टात जातीन. नाई म्हटलं तर तसं सांगा, मी पोरीले घेऊन कुठं जाऊ ते पाह्यतो."

डॉक्टरांची जांभई अर्ध्यावर अडकली. राजकुमारशेठनी डोळ्यांवरचा कायमचा काळा गॉगल काढून पुसायला घेतला आणि गोड आवाजात म्हणाले, "बाई, कोनी घर-बिर पाडत नाई. तुमी उगीच भिऊन राह्यल्या. दिराशी नीट बोला. मानूस चांगला हाय तो."

सिंधूताईंनी त्या गॉगल नसलेल्या तोंडाकडे पाहिलं. पाहतच राहिल्या.

"तुमाले काय मालूम तो कसा हाय ते?"

"मी आपलं अंदाजानं..."

"अंदाज काऊन? तुमीच तं आले होते नं त्याच्यासंगं माह्या आंगनात! टेप धरून मोजून राह्यले होते. सरकीचं गोदाम बांधाचं हाय म्हने. साहेबहो, माह्या घराची जागा ह्याच मानसाले पायजे!"

नेमक्या त्याच घडीला तो पालट्या ट्यूबलाइटखाली शिरला. मी जीव खाऊन त्याला शिवी घातली.

चुक् चुक् चुक्.

टकटकटक! अकरा जणांची बोटं टेबलावर. "सत्य हाय, सत्य हाय!"

आणि सगळ्यात मोठा आवाज होता राजकुमारशेठचा. जन्माची सवय. अंगठ्या घातलेली तीन बोटं टेबलावर वाजली आणि तोंडानं म्हणून गेले, सत्य हाय. मग बोटं तिथंच राहिली. उचलावीत की ठेवावीत, हे त्यांना कळेना.

सिंधूताईंची बोटं तेवढी जागची हलली नाहीत. त्यांना माझ्या साक्षीची गरज नव्हती.

"राजकुमारभाऊ," पुष्पांजलीताई हळूच म्हणाल्या, "तुमीच टकटक केलं."

"आदत हाय ताई! आदतीनं झालं!"

"मंग खोटं हाय म्हना नं."

आता पंचाईत बघा. पालीनं हुंकार दिलेल्या गोष्टीला खोटं म्हणायचं म्हणजे घरावर अरिष्ट, असं हेच शेठ दर सभेला छातीठोकपणे सांगायचे. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. मी खाली पाहिलं. कोर्टात शपथ घेऊन खोटं बोलला असता हा माणूस, पण माझ्यासमोर त्याची जीभ उचलेना.

"अर्जंट फोन आला," म्हणून ते उठले. फोन टेबलावरच राहिला होता.

मग जे झालं ते बघून मला शेपटीपर्यंत शिसारी आली. जी माणसं दोन सभा विचार करत होती, त्यांनी चहासुद्धा न मागवता ठराव केला. बाईच्या डोक्यावरचं छप्पर जातंय म्हणून नव्हे. शेजारचा माणूस चोर निघाला म्हणूनही नव्हे. पाल बोलली म्हणून! सुचिता किती दिवस कायदा सांगत होती, तो यांच्या एका कानातून दुसऱ्या कानात जाताना मी वरून पाहिलाय. आणि एका कीटकखाऊ प्राण्याच्या शिवीवर सगळे हात वर. आणि म्हणे हे लोकांचे मार्गदर्शक!

शुक्रवारी सुचितानं अर्ज टाकला, सोमवारी तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. मंगळवारी जेसीबी आला, तर दारात सिंधूताई आणि शेजारी पोलीस पाटील. चालकानं त्यांच्याच हातचा चहा घेतला आणि मशीन वळवून गेला. खटला चालू आहे. पण घर उभं आहे.

मंडळानं काय केलं? मलकापुरात मोठं बॅनर लावलं, 'वंचितांच्या पाठीशी खंबीर जनाधार'. त्यावर अकरा फोटो. होय, अकरा. राजकुमारशेठही, मधोमध, गॉगल लावून. त्यांना काढायचं धाडस कोणाला होईना, कारण केंद्राचा हॉल त्यांच्या भावजीच्या मालकीचा, भाडं त्यालाच जातं. सुचिताचा फोटो नाही. पालीचा तर नाहीच.

आणि पुढच्या सभेला इतिहासात पहिल्यांदा सगळे वेळेवर हजर. विषय एकच: हॉलमधल्या पालींचा बंदोबस्त. सूचक राजकुमारशेठ, अनुमोदक डॉक्टर, जागेपणी. एकमतानं मंजूर. औषध फवारणारा माणूस जिन्यात थांबवूनच ठेवला होता. पालट्या त्याच दिवशी गेला. भांडखोर होता, पण बरा होता बिचारा.

माझी शेपटी फवाऱ्याच्या नळीखाली अडकली. पणजीची विद्या कामी आली. शेपटी तिथंच वळवळत सोडली आणि खाली बाकाशी पोचले. सिंधूताई सुचिताला तुरीच्या शेंगा द्यायला आल्या होत्या. रिकाम्या पिशवीत शिरले, आणि एसटीनं बिनतिकीट त्यांच्या गावी उतरले. वाटेत कंडक्टरनं मला पाहिलं आणि सलाम ठोकला, पण ते तुम्हाला पटणार नाही, म्हणून सोडते.

पहिल्याच संध्याकाळी महामाया ओरडली. "माय! पाल! बिनशेपटीची हाय, हाकल तिले!"

सिंधूताई चुलीपुढून उठल्या. हातात फुंकणी होती. मी भिंतीला चिकटून राहिले. पळायला जागा होती, टाकायला शेपटी नव्हती.

"राहू दे वं," त्या म्हणाल्या. "घरातून कोनाले हाकलाचं काम माह्याच्यानं नाई होत."

आणि भाकरी उलटवली.

आता मी इथंच असते. मागच्या खोलीवर नवी टिनं पडली आहेत, माझी शेपटीही बोटभर फुटली आहे. खाली पाहिलं की बाईच्या डोक्यावर पांढरे केस दिसतात, चिकटवलेले नाहीत, रंगवलेले नाहीत. अशा डोक्यावर पडायची भीती वाटते मला, लाज वाटेल म्हणून.

तुम्हाला एवढंच विनवते, माझा पत्ता त्या मंडळाला कळू देऊ नका. मारायला येतील याची भीती नाही. खटला जिंकला की सत्कार करायला येतील, आणि मधोमध राजकुमारशेठ उभे राहतील.