होडीवर उमटलेली देवी

जगदेव महाराजांनी मूठभर पांढरं भस्म पालथ्या होडीच्या पुढच्या टोकावर, नाकापाशी उधळलं आणि मंडपातल्या शंभर-दीडशे माणसांनी श्वास रोखला. बघता बघता त्या पांढऱ्यावर लाल रेषा उमटल्या. मधे टपोरा ठिपका, त्यातून चहूकडे फाकलेल्या जटा. बायकांनी पदर पसरले.

"होडी पुसताना तुमीच पाह्यली," महाराज म्हणाले. "मंग हे रक्त आलं कुठून? माय म्हणते, मले पाण्यात लोटू नका. जो लोटीन, त्याच्या घरी दिवा राहणार नाई."

पाण्याचं एवढं वावडं होतं, तर माय होडीवर कशाला आली, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी पडले आशा कार्यकर्ती. वस्तीत मला गोळ्यावाली वर्षाराणी म्हणतात, आणि गोळ्यावालीचं ऐकतो कोण?

थट्टेची वेळही नव्हती. मंडपापासून चार घरं सोडून उज्ज्वला खाटेवर पडली होती. नववा महिना, पायांवर सूज, बीपी चढलेलं. रिसोडच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की डोकं दुखायला लागलं तर त्याच तासाला आणा. सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं. धरण भरलं की आमच्या वस्तीचा रस्ता पाण्याखाली जातो. मागच्या पांदणीत, शेतवाटेच्या चिखलात, बैलगाडी आसापर्यंत रुतते, मधे कमरेएवढा नाला, त्यातून आजाऱ्याची खाट नेणं धोक्याचं. पलीकडच्या केनवडच्या रस्त्यावर न्यायला ही एकच जुनी फायबरची होडी, आणि ती नऊ दिवसांपासून पालथी घालून पुजली जात होती.

"मावशी, होडी मागा," मी उज्ज्वलाच्या सासूला, तुळसाबाईला म्हटलं.

"माय कोपली तं? पोरगीबी जाईन अन् पोटातलंबी."

"अन् नाई नेली तं?"

ती नुसती सुनेचे पाय चोळत राहिली. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

दुपारी फय्याजभाई आले. रिसोडला फायबरचे कूलर अन् टाक्या दुरुस्त करणारा माणूस. मीच आदल्या दिवशी फोन केला होता. सामानाचे डबे डोक्यावर धरून, नाला ओलांडून, चिखलानं माखून आले. एक आरती पाहिली आणि मला बाजूला घेतलं.

"ताई, भस्माच्या आधी काय लावतेत?"

"कुंकवाच्या पाण्यानं आंघोळ. मंग आरती, मंग ओल्या फडक्यानं पुसतेत."

"बस. वरचा चकचकीत थर तडकेल हाय. लाल पानी तड्यात शिरते. पुसलं तं वरचंच निंगते. कोरडी राख पडली का आतलं पानी वर चोखून घेते. कोन्त्याबी तडकेल फायबरवर हे होईन." मग ते जरा थांबले. "पन हे मी दाखवलं तं भलतंच होईन. तुमी दाखवा."

शाळेच्या संडासाचं फायबरचं दार पोरांनी लाथा घालून तडकवलं होतं. ते मी मंडपासमोर आणून टाकलं. कुंकवाचं पाणी ओतलं, तेवढीच आरती म्हटली, पुसलं, आणि महाराजांच्याच ताटातलं भस्म वर टाकलं. दारावर देवी प्रकटली, जटांसकट.

"माय कुठंबी प्रकटू शकते," महाराज घाईनं म्हणाले.

"मंग आता तांब्या घेऊन जाताना कोनाले इचारावं?" होडी वल्हवणाऱ्या भागवतनं विचारलं. महाराजांनी झोळी उचलली.

"पन तडे गेले कायनं?" भागवतनं फय्याजभाईंना विचारलं.

फय्याजभाई नाण्यानं होडी ठोकत पुढं सरकले. टक, टक, टक. नाकाशी आवाज बदलला, भद्द आला.

"इथं काय आदळते?"

दर पोळ्याला घरटी एक नारळ आम्ही होडीच्या नाकावरच फोडतो. बुडू नये म्हणून. आणि या नऊ दिवसांत तर नारळांचा ढीग पडला होता.

"नुसता वरचा थर असता तं आत्ताच नेली असती," ते म्हणाले. "या नऊ दिवसांत फायबरच्या आतलं कापडबी फाटलं. तासभर तरी द्या लागीन."

त्यांनी तडे खरवडले, कोरडे केले, काचेचं कापड रसायनात भिजवून चिकटवलं. आम्ही उन्हात उभे राहून ते वाळायची वाट पाहत होतो. त्या तासात उज्ज्वलाला आकडीचा पहिला झटका आला. तुळसाबाई धावत आली आणि सगळ्यांच्या आधी तिनंच होडीला हात लावला. "लोटा," ती म्हणाली.

भागवतनं वल्ही मारली, मी उज्ज्वलाचं डोकं मांडीवर धरलं होतं. पलीकडे मी फोन करून बोलावलेली दवाखान्याची गाडी उभी होती. ठिगळानं थेंबभर पाणी आत येऊ दिलं नाही.

उज्ज्वला वाचली. तिची मुलगी वाचली नाही. थोडं आधी आणायला हवं होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

महाराज म्हणे दुसऱ्या गावात सांगतात की देवीनं शिक्षा केली. लोकहो, तुमच्या गावात असा कोणी आला, तर हात जोडण्याआधी विचारा की पुसण्यापूर्वी काय लावलं, आणि तेच दुसऱ्या वस्तूवर करून बघा. आणि हे पहिल्याच दिवशी विचारा, मोठ्यानं. तुळसाबाई मला परवा म्हणाली, "तुले सुरवातीपासूनच खोटं वाटत होतं, तं आधी काहून नाई बोलली?" मला खोटं वाटत होतं हे खरंच. आठ दिवस मी मनातल्या मनात हसत होते, आणि फोन नवव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी केला.