कोळशाच्या घरची सोयरीक

माझा आजा गेनबा मुकादमाच्या मागं कुरुळीतून चांद्याकडं गेला, कोळशाच्या खाणीत. थोरल्या दौलतरावाला जमीन राखायला ठेवलं, धाकट्या सोनबाला, म्हणजे माझ्या बापाला, सोबत नेलं. आजा तिथंच खोकून मेला. बाप तिथंच वाढला, गवराबाईशी, माझ्या आईशी, लग्नही तिथंच झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत बायांनाही खाली खाणीत उतरवलं, तेव्हा आईनं डोक्यावर कोळसा वाहिला. त्यावर दुसऱ्यांच्या आगगाड्या पळाल्या. हा आमचा इतिहास. यात लाजायचं काय, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आम्ही गावी परतलो आणि छप्पन साली माझ्या बहिणीला, शकूला, चऱ्होलीचं स्थळ आलं. पोरगा पिंपरीत नव्या कारखान्यात लागलेला. शकूनं त्याला आळंदीत पाहिला होता, आणि तिला तोच हवा होता.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशीच दौलतरावकाकांनी दम भरला. "खाणीचं नाव काढायचं न्हाई. बाया खाली उतरल्या, कुणाच्याबी पंगतीत जेवल्या, हे कळलं तर पोरगी घरात राहील. नागपूरला गिरणीत व्हतो म्हणा."

बापानं मान हलवली. आई चुलीकडं वळली.

पोराचे वडील हिंदुराव येऊन घोंगडीवर टेकले. काकांनी गिरणीचे भोंगे रंगवून सांगितले. नागपूर त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. तेवढ्यात वरचं लाकूड करकरलं आणि चिमूटभर माती हिंदुरावांच्या पागोट्यावर पडली.

खाणीत छत कोसळायच्या आधी टेकूचं लाकूड असंच बोलतं. बाप "भागो!" म्हणून ओरडला, हिंदुरावांना कमरेला धरून उचललं, अंगणात नेऊन टाकलं आणि वर स्वतः आडवा पडला. पागोटं शेणात गेलं.

छत जागच्या जागी होतं. माळवदावरून एक बोका उडी मारून निघून गेला.

गोठ्यामागून काका धावत आले. "मनावर घेऊ नका, पाव्हणं! त्याला झटके येतात."

वा रे भाऊ! खाण लपवायला सख्ख्या भावाला फेफरं लावलं.

हिंदुराव जोडे शोधू लागले. "झटक्याच्या घरची पोर न्हाई करायची आमाला."

आई उंबरा ओलांडून बाहेर आली. "झटके न्हाईत. कोळशाच्या खाणीत व्हते ह्ये. वरून माती पडली की पळायचं, आन हाताला लागंल त्याला घेऊन पळायचं. मी बी व्हते खाली, टोपली घेऊन. जायचं तर जा, पर खरं ऐकून जा."

दाराआड शकूच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

हिंदुराव एका पायात जोडा घालून उभे राहिले. "सोनबा, भाऊ सोडून मलाच का धरलं?"

"भाऊ आधीच पळाला व्हता."

हिंदुरावांना हसू आवरेना. काका पागोट्याचं शेण झटकत बसले.

"बाई, पोरगी तुमच्यावर गेलीय का?"

"तोंडानं गेलीय," आई म्हणाली.

"मग पोराला जपून ऱ्हायला सांगतो. फोडा सुपारी."

सुपारी अंगणातच फुटली, कारण त्या छताखाली पुन्हा बसायला व्याही तयार होईनात. चहाही तिथंच आला. शकूनं साखर इतकी घातली होती की घशाखाली उतरेना. सगळ्यांनी कप चाटूनपुसून संपवला.