जर्मनीचा कोट आणि पंचामृताची पळी

मित्रांनो, मला जुना म्हणा, जड म्हणा, डांबरगोळ्यांचा वास येतो म्हणून नाक मुरडा, माझी हरकत नाही. फाटका मात्र म्हणू नका. मी राखाडी रंगाचा, अस्सल लोकरीचा ओव्हरकोट आहे. सध्या लोणी काळभोरला एका मंगल कार्यालयाच्या राखणदाराच्या खोलीत खिळ्याला लटकलो आहे. पण माझा जन्म लक्ष्मी रस्त्यावरच्या एका शिंप्याकडे झाला आणि सगळी उमर नारायण पेठेत गेली. तिथे चाळीस वर्षं काढलेल्याच्या अंगात थोडा ताठा असणारच. तेवढा चालवून घ्या.

माझे मालक शरच्चंद्र. १९८४ साली कंपनीने त्यांना तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीला पाठवलं, तेव्हा त्यांनी मला शिवून घेतलं. कापड पंजाबचं, शिलाई पुण्याची. पण मालक परत आले ते 'जर्मनीला जाऊन आलेले' होऊन, आणि मी झालो 'जर्मनीचा कोट'. मग घरात एक रिवाजच पडला. नात्यातलं कोणीही परदेशी निघालं की त्याने आमच्याकडे यायचं, शरच्चंद्रांच्या पाया पडायचं, अर्धा तास उपदेश ऐकायचा आणि मला घेऊन जायचं. परत आणताना मला ड्रायक्लीन करायचं आणि खिशात चॉकलेटं घालायची. अशा रीतीने मी लंडनला पाच वेळा गेलो, पॅरिसला तीन वेळा, आणि एका भाच्याबरोबर कॅनडात पूर्ण हिवाळा काढला. मला घालून काढलेले फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत ओळीने लावलेले होते.

दर वेळी परत आल्यावर माझे खिसे तपासणारी, मला ब्रशने झाडणारी, अस्तर उसवलं की टाके घालणारी एकच व्यक्ती होती. शरच्चंद्रांची मुलगी नीरजा. ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. आई गेल्यापासून अठरा वर्षं वडिलांचं सगळं तिच्याकडे होतं: सकाळचा चहा, गोळ्या, मऊ भात, आणि टोमणे. डॅन्यूब नदी ती फळ्यावर डोळे मिटून काढायची, उगमापासून मुखापर्यंत, काठावरच्या सगळ्या शहरांसकट. प्रत्यक्षात तिने रोज पाहिलेली नदी मुठा, आणि तीही धरणातून पाणी सोडलं तरच नदी.

खरं सांगतो मित्रांनो, मी तिला कधी गणतीतच धरलं नाही. जो मला घालतो तो मोठा, जो झाडतो तो नोकर, इतकी माझी साधी समजूत होती.

पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला जेवताना नीरजा म्हणाली, "बाबा, या दिवाळीच्या सुट्टीत मी युरोपला जातेय. बारा दिवस."

"कोणाबरोबर?"

"एकटीच."

शरच्चंद्रांनी ताकाचा घोट घेतला आणि विचारलं, "का? बरोबर यायला कोणी तयार होईना?"

नीरजा हसली. तिला या घरात हसायची सवय झाली होती.

तिच्या शाळेत उत्कर्षा नावाची अमरावतीची एक तरुण शिक्षिका होती. ती दर रविवारी लॅपटॉप घेऊन यायची आणि दोघी जेवणाच्या टेबलाशी बसायच्या. "मॅडम, तिकीट आत्ताच बुक करून टाका. दिवाळी जवळ आली की रेट डबल होतात ना," असं म्हणून तिने आठ महिने आधीच नीरजाला तिकीट काढायला लावलं. स्वस्तातलं तिकीट, त्यामुळे तारीख बदलायची नाही, पैसे परत मागायचे नाहीत. राहायला होस्टेल, एका खोलीत आठ बायका. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हाला डॅन्यूबमधून बोट, तिथून पुढे बुडापेस्टला बस. सकाळचा नाश्ता होस्टेलचा, दुपारी बरोबर नेलेले लाडू. नीरजा एकेक ओळ वहीत लिहून घ्यायची, आणि बोटीच्या ओळीपाशी आली की तिचं पेन थांबायचं. पहिल्याच अर्जात व्हिसा मिळाला, तेव्हा तिने पासपोर्टचं ते पान उघडून मला दाखवलं. हो, मला. दाखवायला घरात दुसरं होतं कोण?

मी मनात म्हटलं, चला, पुन्हा एकदा युरोप! पण उत्कर्षाने मला एका हाताने उचलून पाहिलं आणि खदखदा हसली. "मॅडम, हा कोट आहे का गादी? सामान सात किलो अलाऊड आहे. अर्धं तर यातच संपेल!" दुसऱ्या दिवशी नीरजाने एक जाकीट आणलं. घडी केली की मुठीत मावेल, असलं फुसकं. नात्यातला पहिला प्रवासी मला न घेता परदेशी निघाला होता, आणि तो कोण, तर मला झाडणारी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शरच्चंद्रांचाही झाला होता. पण ते आवाज चढवणारे नव्हते. घरी कोणी आलं की ते नीरजाच्या देखत सांगायचे, "आमच्या नीरजाला युरोप बघायचाय. मंडईत भाजी घेतली की पिशवी तिथेच विसरून येते, पण युरोप बघायचाय." पाहुणे हसायचे. नीरजा चहाचे कप उचलून आत जायची. धाकटा भाऊ आमोद बाणेरला राहायचा. तो फोनवर म्हणाला, "ताई, जा की, मजा कर. फक्त बाबांना आमच्याकडे ठेवायचं म्हणशील तर अवघड आहे हां, आमचं इंटिरियर चालू आहे." नीरजाने डबा लावला. सकाळ-संध्याकाळ येणारी बाई ठरवली. कुठली गोळी कधी, याचा मोठ्या अक्षरांतला कागद फ्रीजवर चिकटवला. बोट ठेवायला जागा ठेवली नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शरच्चंद्र तिला म्हणाले, "तुझा पासपोर्ट आण. पूजेत ठेवू. पहिलाच प्रवास आहे, रीतीने झालेलं बरं."

नीरजा जागच्या जागी उभी राहिली. आठ महिन्यांत तिच्या जाण्याबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला चांगला शब्द होता. तिचे डोळे भरून आले. तिने पासपोर्ट आणून चौरंगावर दागिन्यांशेजारी ठेवला आणि पदराने डोळे पुसत ती स्वयंपाकघरात करंज्या तळायला गेली.

दिवाळीच्या साफसफाईत ऊन दाखवून मला देवघरासमोरच्या खुंटीवर अडकवलेलं होतं. त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलं. शरच्चंद्रांनी आधी स्वयंपाकघराकडे कान दिला. मग चष्मा लावला. पासपोर्टची पानं एकेक करून उलटली आणि व्हिसाचं पान काढलं. पंचामृताच्या वाटीतून एक पळी भरून त्यांनी त्या पानावर ओतली. दूध, दही, तूप, मध, साखर. थोडं थांबून आणखी एक पळी. पासपोर्ट मिटला, वर तळहाताने दाब दिला, कडेने आलेला ओघळ पंच्याने पुसला, तांबड्या कापडात गुंडाळून वर घट्ट दोरा बांधला. त्यांचा हात थरथरला, असं तुम्हाला सांगता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. नाही थरथरला.

आणि मी? मी खूश झालो. मुठीत मावणारं जाकीट घेऊन जातेस काय, जा आता! मनात मी हेच म्हणालो.

नीरजा बाहेर आली तेव्हा त्यांनी ते पुडकं तिच्या ओंजळीत ठेवलं. "देवापुढचं आहे. विमानतळावर मागतील तेव्हाच सोड. मधेच उघडलंस तर फळ जातं." नीरजाने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. नऊवारीतल्या बायकाही ठेवणार नाहीत इतका वेळ ठेवलं. मग उठून तडक माझ्याकडे आली आणि मला खुंटीवरून काढून छातीशी धरलं.

"बाबा, मी तुमचा कोटही नेते. अंगात घालून गेले तर वजनात धरत नाहीत."

शरच्चंद्र म्हणाले, "ने. उकडेल."

आता मात्र माझी पाचावर धारण बसली. ती जाणार नसेल तर मीही जाणार नव्हतो! मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण कोटाला तोंड कुठे असतं? पुढचे दोन दिवस, म्हणजे पाडवा आणि भाऊबीज, मी त्या पुडक्याकडे बघत काढले. आमोद ओवाळून घ्यायला आला आणि ताटात पाकीट टाकून गेला. पुडकं कोणी सोडलं नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टॅक्सीने मुंबईला निघालो. खालापूरला चहा प्यायला थांबलो तेव्हाही मी तिच्या अंगात होतो. घामाने तिची मान भिजली होती, पण तिने मला काढलं नाही. विमान दुपारचं होतं. विमानतळाच्या दारावर तिने आधार कार्ड दाखवलं. काउंटरवरच्या मुलीने हात पुढे केला, तसा नीरजाने दोरा सोडला, कापड उलगडलं आणि पासपोर्ट आधी कपाळाला लावून मग तिच्या हाती दिला.

मुलीने पानं चाळली. दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. तिने नखाने सोडवायला घेतली, तशी त्यांच्यामधून एक तांबडी मुंगी बाहेर आली. मुलीने दचकून ओढलं, आणि व्हिसाचं अर्धं लेबल समोरच्या पानाबरोबर फाटून आलं. फोटो एकीकडे, नंबर दुसरीकडे, मधे पिवळट डाग.

वरिष्ठ अधिकारी आला. भला माणूस होता, मराठी होता. पासपोर्ट उजेडात धरून तो म्हणाला, "बाई, यावर तुम्हाला कोणीच सोडणार नाही. पासपोर्टच बाद झालाय. केलं कोणी हे?"

नीरजाने पान नाकाशी नेलं. पंचामृत तिनेच कालवलं होतं. तिला वास ओळखायला वेळ लागला नाही.

"माझ्याच हातून सांडलं," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या चाळीस वर्षांच्या प्रतिष्ठेची शरम वाटली. ती बाहेरच्या बाकावर बसली. रडली नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं म्हणून तिने डब्यातला एक लाडू काढून खाल्ला. विमान सुटायची वेळ होऊन गेली, मग आणखी एक तास गेला, तेव्हा ती उठली. नवा पासपोर्ट, नवा व्हिसा, नवं तिकीट, आणि त्यासाठी पुन्हा एक दिवाळी. एवढं सगळं बाकावरून उठता उठता तिने मनात धरलं की सोडून दिलं, ते मला कळलं नाही.

संध्याकाळी शरच्चंद्र आरामखुर्चीत पेपर वाचत होते. "आलीस? वाटलंच मला. हातपाय धू, चहा टाक."

"बाबा, व्हिसाचं पान शोधायला किती वेळ लागला तुम्हाला?"

पेपर खाली झाला नाही. पेपरामागून आवाज आला, "बारा दिवस त्या डब्यातलं खाऊन मेलो असतो मी. आणि तिकडे तुला विचारणारं होतं कोण?"

नीरजाने चहा केला. साखर घातली, आलं घातलं, बिस्किटं ठेवली. चहा नेहमीसारखाच झाला होता, असं ते स्वतःच म्हणाले.

दोन दिवसांनी जिन्यात बोहारणीची हाक आली. तिचं नाव हिरा. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. आमच्या पेठेत अजून येते. नीरजाने मला आणून तिच्यासमोर ठेवलं. हिराने मला उलटंपालटं केलं. "पुन्यात येवढा जाड कोट कोन घालतंय, ताई? चहाचं गाळणं दीन यक."

"द्या."

शरच्चंद्र काठीही न घेता धडपडत दाराशी आले. "नीरजा! अगं, जर्मनीचा कोट आहे तो! चाळीस वर्षं जपलाय मी!"

"जपला मी, बाबा. तुम्ही मिरवलात."

त्यांनी माझी बाही घट्ट धरली. हिरा हळूच म्हणाली, "सोडा, आजोबा. उसवंल." त्यांच्या बोटांतून बाही सुटली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मुलगी विमानतळावरून परत आली तेव्हा ते आलं नव्हतं, कोटासाठी आलं. नीरजाने गाळणं घेतलं आणि दार लावलं.

पुढे मी जुन्या बाजारात जमिनीवर पडून होतो. तिथून समाधानने मला आणलं. हा इथला राखणदार. थंडीत मला घालतो, उकाड्यात माझी उशी करतो, आणि रोज एकदा म्हणतो, "लई ऊबदार हाय बरं का." त्याला जर्मनी ठाऊक नाही. मीही सांगत नाही. नीरजाने डॅन्यूब पाहिली का, हे मला कळायला मार्ग नाही. 'पाहिली' असं तुम्हाला खोटं सांगण्याइतका मी आता निर्लज्ज उरलेलो नाही.

माझ्यासारख्या वस्तूने शेवटी 'आम्हाला जपा' अशी विनंती करायची असते. मी ती करणार नाही. लोकर जपायला डांबरगोळ्या पुरतात. पण तुमच्या घरात कोणी पहिल्यांदाच एकटं कुठे निघालं असेल, तर त्याचे कागद त्याच्याच हातात राहू द्या. आणि आशीर्वाद द्यावासा वाटलाच, तर मित्रांनो, कोरड्या हातांनी द्या.