तिकोनी स्वाती

आमच्या आदिलाबादच्या खगोल मंडळाचे सगळे सभासद पुरुष होते. मी सभासद नव्हते. मी व्यंकटरावांची बायको, म्हणजे बैठकीला चहा करणारी. पण मंडळाच्या दुर्बिणीचा आरसा घासला तो मीच.

मागच्या पडवीत एक पिंप उभं केलं होतं. त्यावर एक जाड काच, तिच्यावर दुसरी, मधे कुरुंदाची ओली पूड, आणि पिंपाभोवती फिरत फिरत घासत राहायचं. दोन वर्षं मी त्या पिंपाला प्रदक्षिणा घातल्या. व्यंकटरावांनी सुरुवातीला मोठ्या हौसेनं हात लावला, मग त्यांची कंबर धरली ती आरसा पुरा होईपर्यंत सुटली नाही. कुणी विचारलं की मात्र म्हणायचे, "आमी घासला." त्या 'आमी'त मी कुठं बसत होते ते मला कधी समजलं नाही.

चौऱ्याण्णवचा मे महिना होता. जुलैत गुरूवर धूमकेतू आदळणार म्हणून वर्तमानपत्रांना उधाण आलं होतं. हैदराबादचे एक प्राध्यापक शाळांसाठी दुर्बिणी करून घेणार होते आणि त्यांना आरसा घासायला शिकवणारं माणूस हवं होतं. चांगली पगारी नोकरी होती. आमच्या उन्हाळी शिबिराला येऊन ते आरसा तपासणार, आणि पसंत पडला तर ज्यानं घासला त्याला बोलावून घेणार. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. लग्नापासून ती पदवी ट्रंकेच्या तळाशी पडून होती. मला ती नोकरी हवी होती, इतकी हवी होती की तोंडानं म्हणायची भीती वाटायची.

"तुजंच नाव सांगतो ना," व्यंकटराव म्हणाले. मी लगेच विश्वास ठेवला. बायका ठेवतात.

शिबिराला निघायच्या दिवशी सकाळीच माझी पाळी आली. मी काही बोलले नाही. जीप गुडीहत्नूरला वळून उटनूरच्या रस्त्याला लागली आणि दुपारी आम्ही डोंगरावरच्या जुन्या बंगल्यापाशी पोचलो. बंगल्यासमोर मोकळं पठार होतं, खाली सागाचं रान. दुर्बीण उभी राहिली आणि मंडळाचे अध्यक्ष अनंतराव म्हणाले, "अगोदर पूजा."

हे अनंतराव म्हणजे ग्रहणात भर रस्त्यावर उभं राहून भजी खाणारा माणूस. शाळाशाळांतून अंधश्रद्धेवर भाषणं ठोकायचे. पण नव्या जीपची पूजा करतात तशी दुर्बिणीची केल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडेना. पत्र्याच्या नळकांड्यावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, हार पडला, लिंबू लटकलं. त्यांच्या बायकोनं, पद्मिनीबाईंनी, ओवाळायचं ताट माझ्यापुढे धरलं.

"मी बाजूला आहे," मी म्हणाले.

खोटं बोलायला हवं होतं. पण जन्मभराची सवय, तोंडातून निघून गेलं.

नारळ फुटल्यावर अनंतराव माझ्याकडे आले. "वहिनी, आता चार दिवस दुर्बिणीला शिवू नोका."

"भाऊजी, ते पत्र्याचं नळकांडं आहे. आतला आरसा मी घासलाय."

"सकाळपर्यंत नळकांडंच होतं ना. आता पूजा झाली तिची."

पठाराच्या कडेला मोहाच्या झाडाखाली माझ्यासाठी वेगळी सतरंजी अंथरली गेली. तिथून मला दिसलं की व्यंकटराव पक्कड घेऊन दुर्बिणीच्या बुडाशी बसलेत. जीपच्या हादऱ्यांनी आरसा डुगडुगत असणार. त्याला तीन बाजूंनी तीन चिमटे धरतात, आणि चिमट्याखालून कागद सहज सरकेल इतकेच ते घट्ट ठेवायचे असतात. घरी ते काम माझं होतं.

"अहो, आवळू नका! काचेला दाब बसंल!"

"आन् पडला मंग?" असं म्हणून त्यांनी आणखी एकेक पीळ दिला.

दिवस मावळता मावळता प्राध्यापक आले. साधा, सौम्य माणूस. अंधारू लागलं तशी आभाळात स्वाती ठळक झाली. त्यांनी दुर्बीण तिच्यावर लावली, डोळा लावला, खूप वेळ लावून ठेवला. मग हिंदीत म्हणाले, "तारा तिकोना दिख रहा है."

मला तिथं बसल्या बसल्या सगळं कळलं. तीन चिमटे, तीन कोपरे. मी उठून ओरडले, "चिमटे सैल करा! आरसा चांगला आहे!"

प्राध्यापकांनी वळून पाहिलं. मी चालत निघाले. मला अडवायला पद्मिनीबाईंनी हात पुढे केला आणि मधेच आखडून घेतला. शिवल्या असत्या तर डोंगरावर आंघोळीला पाणी कुठलं आणणार? अनंतराव प्राध्यापकांच्या कानाशी तेलुगूत काहीतरी पुटपुटले. आणि तो शिकलेला, सौम्य माणूस माझ्या वाटेतून हळूच मागे सरकला. मला संताप आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. माझे पाय तिथंच थांबले. का थांबले, याचा राग मला अजून येतो.

"अहो," मी व्यंकटरावांना म्हणाले, "तुमी आवळले ते सांगा त्यायले. पक्कड घ्या, सैल करा. एका मिनिटाचं काम आहे."

त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांचा हात खिशातल्या पक्कडीवर गेलेला मी पाहिला. काही क्षण तो तिथंच राहिला. माझी नोकरी त्या खिशात होती.

"आरसा किसने बनाया?" प्राध्यापकांनी विचारलं.

व्यंकटरावांनी हात खिशातून रिकामाच बाहेर काढला.

"मेरी मिसेस ने घिसा है, सर," ते म्हणाले. "कुमुदिनी. घर में बैठे-बैठे."

शब्दाला जागले. नाव सांगतो म्हणाले होते, सांगितलं.

प्राध्यापक लांबूनच माझ्याकडे पाहून हसले. खरंच कौतुकानं हसले. "घर संभाल के इतना किया, बहुत है."

मग अनंतरावांनी टाळ्या वाजवल्या आणि मागून सगळ्या मंडळानं. सगळ्यांत जोरात व्यंकटराव वाजवत होते.