याचं बटण कुठे आहे

ताईच्या डोक्यात तिडीक जायची ती एकाच शब्दानं. पंखा!

इस्पितळाच्या अंगणात तिनं शिल्प म्हणून उंच खांब उभा केला होता. त्यावर वरपासून खालपर्यंत तांब्याची पाती, वारा येईल तशी फिरणारी. आणि येणारा-जाणारा विचारायचा, पंखा कधी सुरू होणार? अहो, पंखा वारा घालतो, हे वारा घेतं, असं सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला. इस्पितळाच्या साहेबांनी तर खांबाभोवती फेरी मारून विचारलं, याचं बटण कुठे आहे? बटण म्हणे! एकेक पातं तिनं दोऱ्याला टांगून फुंकून बघितलं होतं. फुंकरीनं हललं नाही की पुन्हा कानस. बोटांची सालटी निघाली, पण नुसत्या श्वासानं हलणार नाही असं एकही पातं तिनं वर चढवलं नाही.

बारक्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. वायरिंगची कामं करायचा. मिशा पिकल्या तरी ताईसाठी तो बारक्याच. मागे एका बागेत ताईचं असंच शिल्प उभं राहिलं, उद्घाटनाला नेमका वारा पडला, पाती ढिम्म हलली नाहीत आणि पाहुणे खुदुखुदु हसले. बागवाल्यांनी ते भंगारात घातलं. ताई उशीत तोंड खुपसून रडली, ते बारक्यानं दारातून बघितलं होतं. आता हे साहेबही तेच म्हणत होते. पाहुण्यांसमोर हललं नाही तर दुसऱ्या दिवशी काढून टाकू, त्यापेक्षा मोटर बसवा. ताईनं साफ सांगितलं, मोटर बसली तर ते माझं नाही.

उद्घाटनाच्या सकाळी झाडाचं पान हलत नव्हतं. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी सरळ लोंबत होत्या. आणि पाती मात्र फिरत होती! ताईला भरूनच आलं. वरच्या अंगाला झुळूक असेल, असं तिनं मनाशी धरलं.

साहेबांचं भाषण सुरू झालं आणि खरंच वारा सुटला. चादरी फुगल्या, भाषणाचा कागद उडून गेला, साहेब त्याच्यामागे धावले. पाती आपली त्याच संथ चालीनं फिरत राहिली, वाऱ्याशी जणू त्यांचा संबंधच नव्हता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

ताई ताडकन उठली. खांबाच्या बुडाशी असलेलं झाकण तिनं ओढून काढलं. आत मोटर घरघरत होती, पट्टा वर गेला होता. वायरीवर चिकटपट्टी होती, आणि तिचं टोक पुढच्या वेळी नखानं सापडावं म्हणून नीट दुमडून ठेवलेलं होतं. ही सवय जगात एकाच माणसाला होती. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. साहेबांचं सोडा हो, ते परके. पण घरच्या माणसानं?

बारक्या मान खाली घालून पुढे आला.

"मागच्या वेळी तू रडलीस ते बघितलं मी. परत तुला वाऱ्यावर कसं सोडू?"

"वाऱ्यावर सोडायलाच घडवलंय ते, गाढवा. तू त्याचा पंखा केलास."

बारक्यानं खिशातली पक्कड काढली, वायर तोडली, पट्टा सोडवला आणि मोटर उचलून बाहेर ठेवली. पाती थांबली. आणि नशीब असं, की वाराही पडला.

पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. साहेब धावत आले, दातओठ खात म्हणाले, बिघडवलंत ना? ताईनं कमरेवर हात ठेवले. बिघडलेलं नाही, वारा पडलाय, घाई असेल त्यानं खुशाल घरी जावं, असं ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. या वेळी ती रडणार नव्हती.

कोणी उठलं नाही.

तेवढ्यात बारक्या खांबाशी गेला. सगळ्यात खालचं पातं त्याच्या तोंडासमोर येत होतं. त्यानं गाल फुगवले आणि फुंकर मारली. पातं हललं, सावकाश वळलं, उन्हात चमकलं आणि फिरत राहिलं. मुख्य पाहुण्या म्हणून आलेल्या आजीबाई खुर्चीतून उठल्या, मी फुंकू का म्हणाल्या, आणि त्यांच्यामागे रांगच लागली.

ताईचा राग उतरला नव्हता. बारक्याशी ती दिवसभर बोलणार नव्हती, तिचं ठरलेलं होतं. पण साहेबांना दंडाला धरून तिनं रांगेत उभं केलं.

"बटण कुठे आहे विचारत होतात ना? तुमच्या तोंडात आहे. फुंका."